मुंबईचा गव्हर्नर जेराल्ड आंजिअर

आमचे मराठी पूर्वज मॉरिशसला निघाले ते मुंबई बंदरातून. म्हणून ते बंदर नावारूपाला आणणाऱ्या जेराल्ड आंजिअरची ओळख आपल्याला हवी.

पोर्तुगालच्या राजकन्येच्या आंदणात आलेली मुंबई इंग्लंडच्या राजाने १६६८ साली, वर्षाला अवघ्या १० पौंड भाड्याने, ईस्ट इंडिया कंपनीला दिली. पुढच्याच वर्षी आंजिअर गव्हर्नर झाला. जमिनीचे तंटे त्याने जमीनमालकांशी करार करून मिटवले, १६७२ मध्ये न्यायालय उघडले आणि जातीजातींच्या पंचायतींना मान दिला. १६७४ मध्ये शिवरायांच्या राज्याभिषेकाला त्याने हेन्री ऑक्झिंडेनला रायगडावर धाडले, तेही व्यापाराच्या सवलतींसाठीच!

दीवच्या निमा पारख या व्यापाऱ्याने मुंबईत येण्याआधी अटी घातल्या: धर्म पाळण्याची मोकळीक हवी, आपल्या आवारात जीवहत्या नको. कंपनीने त्या मानल्या. आमच्या आजे-पणज्यांना त्याच बंदरात अटी विचारल्या नाहीत. त्यांचा करार मळेवाल्यांच्या सोयीने आधीच लिहिलेला होता.

आंजिअरच्या काळात दहा हजारांची वस्ती साठ हजारांवर गेली, असे सांगतात. तो स्वतः ३० जून १६७७ रोजी सुरतेत वारला.