गणिताच्या गोळ्या

शाळेत असताना मी बाकावर पाच मिनिटेही स्वस्थ बसत नसे. छडी, अंगठे धरणे, वर्गाबाहेर उभे राहणे, सर्व झाले. चंचलपणा काही गेला नाही. आपणच वाईट, असे मी कितीतरी वर्षे धरून चाललो. म्हणूनच डॉ. चार्ल्स ब्रॅडली यांचे चरित्र वाचताना मला ते परक्याचे वाटले नाही.

ब्रॅडलींचा जन्म १९०२ साली अमेरिकेत झाला. त्यांच्या घराण्यातील जॉर्ज ब्रॅडली या धनिकाची एकुलती एक मुलगी एम्मा सातव्या वर्षी मेंदूला सूज येऊन कायमची अधू झाली. तिच्या नावाने, त्यांनी मागे ठेवलेल्या संपत्तीतून, १९३१ मध्ये ऱ्होड आयलंड राज्यात मुलांच्या मनोविकारांसाठी रुग्णालय निघाले. तरुण चार्ल्स पुढे त्याचे प्रमुख झाले.

मेंदूची क्ष-किरण छायाचित्रे घेण्यासाठी त्या काळी पाठीच्या कण्यातील द्रव काढून आत हवा भरीत. मग मुलांचे डोके भयंकर दुखे. त्यावर उतारा म्हणून ब्रॅडलींनी बेन्झेड्रिन हे उत्तेजक औषध देऊन पाहिले. डोकेदुखी फारशी हटली नाही. पण काही मुले वर्गात मन लावून अभ्यास करू लागली! दुसरा एखादा वैद्य औषध फसले म्हणून मोकळा झाला असता. ब्रॅडलींनी मात्र ५ ते १४ वर्षांच्या ३० मुलांना आठवडाभर ते देऊन बारकाईने निरीक्षण केले आणि १९३७ मध्ये ते प्रसिद्ध केले. १४ मुलांची अभ्यासात विलक्षण प्रगती झाली होती. अनेक दांडगी मुले शांत झाली होती. औषध थांबताच गुणही ओसरला. मुलांनीच त्याला गणिताच्या गोळ्या असे नाव दिले.

उत्तेजकाने चंचल मूल शांत व्हावे, हे कोडेच होते. वैद्यकविश्वाने पुढे वीस-पंचवीस वर्षे तिकडे फारसे लक्ष दिले नाही. १९७९ मध्ये ब्रॅडली वारले. आज या विकाराला एडीएचडी म्हणतात आणि त्याच जातीची औषधे त्यावर देतात, अर्थात तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच. निदानासाठी रक्ताची तपासणी नाही; लक्षणे बाराव्या वर्षापूर्वीपासून, आणि घरी व शाळेत दोन्हीकडे दिसतात का, हे विचारपूस करून ठरवावे लागते. ती प्रौढपणीही टिकू शकतात. माझे निदान चाळिशीत झाले.

आता मागच्या बाकावर पाय हलवीत बसणाऱ्या विद्यार्थ्याला मी उभे करीत नाही. तास संपल्यावर जवळ बोलावतो.