इरेना सेंडलर

तुमचे नाव विसरून जा, असे कोणी सांगितले तर? नवे नाव पाठ करा. जुने नाव चुकून तोंडातून निघाले तरी जीव जाईल! दुसऱ्या महायुद्धात पोलंडमधील ज्यू, म्हणजे यहुदी मुलांवर अशी वेळ आली होती.

इरेना सेंडलर यांचा जन्म १५ फेब्रुवारी १९१० रोजी झाला. त्यांचे वडील डॉक्टर होते. गरीब ज्यू रुग्णांवरही ते मायेने उपचार करीत. टायफसच्या रुग्णांची सेवा करताना त्यांना तोच रोग जडला आणि १९१७ मध्ये ते वारले. संकटातल्या माणसाला धर्म न विचारता हात द्यावा, हा धडा इरेनांना घरातच मिळाला.

१९३९ मध्ये हिटलरच्या जर्मनीने पोलंड जिंकला. १९४० मध्ये वॉर्सा शहरातील लाखो ज्यूंना उंच भिंतीआड कोंडण्यात आले. आत उपासमार होती, रोगराई होती. इरेना नगरपालिकेच्या समाजकल्याण खात्यात काम करीत. साथीच्या रोगांची पाहणी करण्याच्या परवान्यावर त्या आत जात आणि अन्न, औषधे पोहोचवत.

१९४२ मध्ये तेथील लोकांना आगगाडीने ट्रेब्लिंका येथे नेऊन ठार मारण्यात येऊ लागले. तेव्हा इरेना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांना गुपचूप बाहेर काढण्याचे काम वाढवले. आमचे मूल नक्की जगेल ना, असे आईबाप विचारत. इरेना खोटे वचन देत नसत. तरीही कित्येक मातांनी काळजावर दगड ठेवून आपली मुले त्यांच्या हाती सोपवली.

ही मुले पोलिश कुटुंबांत, अनाथाश्रमांत आणि ख्रिस्ती मठांत नव्या नावांनी राहिली. पण त्यांची खरी ओळख पुसली जाऊ नये, म्हणून इरेना पातळ कागदाच्या पट्ट्यांवर खरे व नवे नाव लिहून ठेवत. पुढे या याद्या जमिनीत पुरून ठेवल्या.

ऑक्टोबर १९४३ मध्ये त्यांना अटक झाली. अतोनात छळ झाला. पण त्यांनी एकाही मुलाचा ठावठिकाणा सांगितला नाही. त्यांना मृत्युदंड ठरला. सहकाऱ्यांनी लाच देऊन त्यांची सुटका केली. मग त्यांनाही खोट्या नावाने लपून राहावे लागले!

युद्ध संपल्यावर याद्या ज्यू संस्थेकडे देण्यात आल्या. बहुतेक मुलांचे आईवडील मारले गेले होते. पण आपण कोण, हे त्या मुलांना कळू शकले.

१२ मे २००८ रोजी इरेना वारल्या. मुलांनो, उद्या वर्गात हजेरी घेताना तुमचे नाव पुकारले जाईल, तेव्हा त्या कागदाच्या पट्ट्या जरूर आठवा.