वेगाला लगामाची जोड देणारे जॉन कूपर

रस्त्यावरच्या साध्या मोटारीला शर्यतीच्या मैदानात मानाचे स्थान मिळवून देणाऱ्यांत जॉन कूपर यांचे नाव अग्रभागी आहे. १९२३ मध्ये इंग्लंडमधील सरे परगण्यात जन्मलेले कूपर वडिलांच्या गॅरेजमध्ये घडले. १९४६ मध्ये पितापुत्रांनी दोन जुन्या फियाट मोटारींचे पुढचे भाग जोडून हौशी स्पर्धकांना परवडेल अशी ५०० सीसीची गाडी उभी केली. चालकाच्या पाठीमागे इंजिन बसविण्याच्या याच मांडणीने १९५९ व १९६० मध्ये त्यांच्या कंपनीला फॉर्म्युला वनचे जगज्जेतेपद मिळवून दिले.

सामान्यांना मात्र त्यांचे नाव परिचित झाले ते मिनीमुळे. मूळ मिनीचे इंजिन ३४ अश्वशक्तीचे. १९६१ च्या मिनी कूपरमध्ये ते ५५ वर गेले. ड्रम ब्रेक वारंवार वापराने तापतात आणि त्यांची पकड ढिली होते. म्हणून पुढच्या चाकांना सात इंची डिस्क ब्रेक देण्यात आले. तेही तोकडे ठरले, तेव्हा १९६३ च्या 'कूपर एस'मध्ये अधिक मोठ्या डिस्क व सर्व्होची सोय झाली. पुढच्याच वर्षी या चिमुकल्या गाडीने मोंटे कार्लो रॅली जिंकली.

२४ डिसेंबर २००० रोजी कूपर यांचे निधन झाले. इंजिनाची ताकद वाढविणाऱ्याने आधी ब्रेककडे पाहावे, हा त्यांच्या मिनीचा धडा हौशी शर्यतपटूंसाठी आजही मोलाचा आहे.