संपादकाचे नाव नसलेली पत्रे : बाळशास्त्री जांभेकर आणि त्यांचा संपादकीय परिवार

मराठी नियतकालिकांच्या इतिहासात बाळशास्त्री जांभेकरांचा उल्लेख 'आद्य संपादक' म्हणून केला जातो. हे बिरुद यथार्थ आहे. परंतु ते वारंवार उच्चारले गेल्यामुळे एका महत्त्वाच्या प्रश्नाकडे अभ्यासकांचे दुर्लक्ष होते. 'दर्पण' किंवा 'दिग्दर्शन' हे एका व्यक्तीचे कार्य होते, की अध्यापक, मित्र आणि विद्यार्थी यांच्या एका लहानशा परिवाराचे? पदव्युत्तर वर्गात नियतकालिकांचा इतिहास शिकवताना आपण नावे व सन सांगून पुढे जातो. प्रस्तुत लेखात बाळशास्त्रींचे चरित्र ह्या एका प्रश्नाच्या अनुरोधाने पाहण्याचा प्रयत्न केला आहे. विद्यापीठ स्थापन होण्याच्या पाव शतक आधी मुंबईतील एका शिक्षणसंस्थेच्या आश्रयाने मराठीत संपादकमंडळाची कल्पना कशी आकारास आली, हे त्यातून स्पष्ट व्हावे अशी अपेक्षा आहे.

बाळशास्त्रींचा जन्म १८१२ साली कोकणातील पोंभुर्ले ह्या गावी झाला. हे गाव आज सिंधुदुर्ग जिल्ह्यात देवगड तालुक्यात मोडते. वडील गंगाधरशास्त्री हे व्युत्पन्न पंडित होते. संस्कृताचे प्रारंभिक अध्ययन घरीच झाले. वयाच्या तेरा-चौदाव्या वर्षी ते इंग्रजी शिक्षणासाठी मुंबईस आले. त्या वेळी मुंबईत शिक्षणप्रसाराचे कार्य करणाऱ्या 'नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी'चे एतद्देशीय चिटणीस सदाशिव काशिनाथ तथा बापू छत्रे हे होते. 'बाळमित्र' आणि 'इसापनीतिकथा' ह्यांच्याद्वारे अव्वल इंग्रजी काळातील मराठी गद्याला वळण लावणाऱ्या छत्र्यांचा आश्रय बाळशास्त्रींना लाभला. ही गोष्ट केवळ चरित्रात्मक तपशील म्हणून दुर्लक्षिण्याजोगी नाही. ग्रंथरचना, भाषांतर आणि शाळांची व्यवस्था ही तिन्ही कामे एकाच संस्थेत, एकाच मंडळीकडून होत असलेली ह्या मुलाने अगदी लहान वयात पाहिली. संपादन हे शिक्षणाचेच अंग आहे, ही त्यांची पुढील भूमिका ह्या वातावरणात घडली असे मानण्यास जागा आहे.

बाळशास्त्रींची प्रगती विलक्षण वेगाने झाली. १८३० मध्ये ते ह्याच सोसायटीचे उपचिटणीस झाले आणि १८३२ मध्ये चिटणीस. मराठी, संस्कृत व इंग्रजीखेरीज गुजराती, बंगाली, कानडी, फारसी अशा अनेक भाषांशी त्यांचा परिचय होता. काही काळ अक्कलकोटच्या राजपुत्राच्या शिक्षणाची जबाबदारीही त्यांच्यावर होती. १८३४ मध्ये एल्फिन्स्टन शिक्षणसंस्थेत साहाय्यक प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. त्या संस्थेत अशा पदावर नेमले गेलेले ते पहिले भारतीय होत. त्या वेळी त्यांचे वय अवघे बावीस वर्षांचे होते. म्हणजेच 'दर्पण'चा बहुतेक सर्व काळ आणि 'दिग्दर्शन'चा संपूर्ण काळ हा एका कार्यरत अध्यापकाचा काळ आहे.

'दर्पण'चा पहिला अंक ६ जानेवारी १८३२ रोजी निघाला. हा दिवस महाराष्ट्रात आज पत्रकार दिन म्हणून पाळला जातो. पत्र प्रारंभी पाक्षिक होते. त्याच वर्षीच्या मे महिन्यापासून ते साप्ताहिक झाले. पानाच्या एका स्तंभात मराठी आणि दुसऱ्या स्तंभात इंग्रजी मजकूर अशी त्याची मांडणी होती. ह्या द्विभाषिक मांडणीत संपादकाचा हेतू व्यक्त होतो. एतद्देशीयांना नव्या विद्येचा परिचय व्हावा आणि राज्यकर्त्यांना एतद्देशीयांचे मत कळावे, असा हा दुहेरी संवाद होता. मुद्रणावरील परवान्याचे बंधन मेटकाफच्या कारकिर्दीत १८३५ मध्ये दूर झाले. 'दर्पण'चा आरंभ त्यापूर्वीचा आहे, हेही येथे ध्यानी घेतले पाहिजे.

मुंबईत गुजराती पत्र १८२२ पासून निघत होते. बंगालमध्ये श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनी १८१८ मध्ये प्रथम 'दिग्दर्शन' हे मासिक आणि पाठोपाठ 'समाचारदर्पण' हे साप्ताहिक सुरू केले होते. बाळशास्त्रींच्या दोन्ही नियतकालिकांची नावे ह्या जोडीशी मिळतीजुळती असावीत, हा योगायोग वाटत नाही. मात्र श्रीरामपूरची पत्रे मिशनची होती. मुंबईची एतद्देशीय शिक्षितांची होती. नाव तेच ठेवून त्यामागील अधिष्ठान बदलणे, हा ह्या उपक्रमाचा खरा अर्थ आहे.

आता संपादकमंडळाचा विचार करू. 'दर्पण'च्या स्थापनेत रघुनाथ हरिश्चंद्रजी आणि जनार्दन वासुदेवजी ह्या दोघांचा वाटा होता. संपादनाची जबाबदारी बाळशास्त्रींकडे होती. तथापि अंकावर संपादक म्हणून त्यांचे नाव छापले जात नसे. गोविंद विठ्ठल कुंटे तथा भाऊ महाजन (१८१५–१८९०) ह्या तरुण सहकाऱ्याचे साहाय्य त्यांना लाभले. म्हणजे एकाने व्यवस्था पाहावी, दुसऱ्याने संपादन करावे, तिसऱ्याने लेखनास हातभार लावावा आणि ह्यांपैकी कोणाचेही नाव मजकुराच्या आड येऊ नये, अशी ही रचना होती. आजच्या विभागीय नियतकालिकांत मुखपृष्ठाच्या आतील पानावर संपादक, कार्यकारी संपादक, सल्लागार अशी नामावली असते. 'दर्पण'मध्ये काम होते, नामावली नव्हती.

ह्या अनामिकतेचे दोन परिणाम झाले. पहिला परिणाम हितकर होता. विधवांचा पुनर्विवाह, स्त्रीशिक्षण, रूढी आणि शास्त्र ह्यांसारख्या विषयांवरील चर्चा व्यक्तीच्या वयावर वा जातीवर न जाता मुद्द्यावर राहू शकली. वीस-बावीस वर्षांच्या तरुणाचे मत म्हणून जे सहज झटकून टाकले गेले असते, ते पत्राचे मत म्हणून विचारात घेणे भाग पडले. दुसरा परिणाम साहित्येतिहासाच्या दृष्टीने अडचणीचा ठरला. कोणता मजकूर कोणाचा, हे ठरवणे पुढे कठीण झाले. बाळशास्त्रींचे विखुरलेले लेखन व त्यांच्याविषयीची साधने गणेश गंगाधर जांभेकर ह्यांनी परिश्रमपूर्वक एकत्र करून तीन खंडांत प्रसिद्ध केली, ती १९५० मध्ये. म्हणजे बाळशास्त्रींच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी. मराठीच्या आद्य संपादकाचे लेखन संपादित होण्यास एक शतक लागावे, ही वस्तुस्थिती आपल्या अभ्यासपरंपरेविषयी पुष्कळ काही सांगून जाते.

'दर्पण' जून १८४० मध्ये बंद पडले. साडेआठ वर्षांचे हे आयुष्य त्या काळाच्या मानाने अल्प नव्हते. वाचकवर्ग मर्यादित होता आणि वितरणाची साधने तुटपुंजी होती. मुंबई-ठाणे लोहमार्ग १८५३ मध्ये झाला आणि थळघाट चढून आगगाडी इगतपुरीस पोहोचण्यास १८६५ साल उजाडले. आज घाटमाथ्यावरील महाविद्यालयात मुंबईचे नियतकालिक सहज हाती येते. 'दर्पण'च्या काळी ह्या घाटापलीकडचा मराठी वाचक मुंबईपासून किती दूर होता, ह्याची कल्पना ह्या तारखांवरून यावी.

'दर्पण' बंद पडण्याच्या सुमारास, मे १८४० मध्ये, बाळशास्त्रींनी 'दिग्दर्शन' हे मासिक सुरू केले. मराठीतील हे पहिले मासिक होय. भूगोल, इतिहास, पदार्थविज्ञान, रसायन, व्याकरण अशा विषयांवरील लेख, त्यांना जोडून नकाशे व आकृत्या असे त्याचे स्वरूप होते. वृत्तपत्राकडून मासिकाकडे झालेले हे स्थित्यंतर अर्थपूर्ण आहे. वृत्तपत्राला घटना लागतात. मासिकाला अभ्यासक लागतात. अध्यापनानंतर आणि आठ वर्षांच्या संपादनानंतर विषय समजून मराठीत लिहू शकणारे तरुण आपल्याभोवती तयार झाले आहेत, असा विश्वास असल्याखेरीज असे मासिक काढणे शक्य नव्हते. रसायन किंवा पदार्थविज्ञान मराठीत मांडायचे म्हणजे परिभाषा घडवावी लागे. आणि परिभाषा एकट्याने घडवली तरी ती रुळवण्यासाठी वर्ग लागतो. बाळशास्त्रींपाशी तो वर्ग शब्दशः होता. दादाभाई नौरोजी हे ह्याच संस्थेत त्यांच्या हाताखाली शिकले. 'दिग्दर्शन' सुमारे पाच वर्षे चालले.

ह्याच काळात बाळशास्त्रींच्या कार्याचा विस्तार थक्क करणारा आहे. 'बालव्याकरण', 'नीतिकथा', 'इंग्लंड देशाची बखर', 'शून्यलब्धि गणित' अशी पुस्तके त्यांनी लिहिली. प्राचीन शिलालेख व ताम्रपट ह्यांवरील त्यांचे निबंध रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. कुलाब्याच्या वेधशाळेच्या कामाशीही त्यांचा संबंध आला. १८४५ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची शिळाछापावरील आवृत्ती प्रसिद्ध केली. ती ज्ञानेश्वरीची पहिली मुद्रित आवृत्ती होय. एकीकडे नवे शास्त्र मराठीत आणणे आणि दुसरीकडे मराठीचा सर्वांत मोठा जुना ग्रंथ मुद्रणात आणणे, ही दोन्ही कामे त्यांना परस्परविरोधी वाटली नाहीत. मराठीच्या अभ्यासविभागांचा पाया ज्या दोन विटांवर उभा आहे, त्या दोन्ही ह्या एका आयुष्यात सापडतात.

संपादकाच्या मतांची खरी कसोटी १८४३ मध्ये लागली. परळीकर शेषाद्री घराण्यातील नारायण ह्या तरुणाने ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केला. त्याचा अल्पवयीन धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांच्या घरी राहिला होता. प्रकरण न्यायालयात गेले आणि श्रीपत वडिलांच्या ताब्यात आला. परंतु मिशनऱ्यांकडे राहिलेल्या मुलास प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे की नाही, ह्यावर मुंबईच्या ब्राह्मणसमाजात तीव्र वाद माजला. बाळशास्त्रींनी मुलास परत घेण्याची बाजू उचलून धरली. त्याबद्दल त्यांना सनातनी मंडळींच्या रोषाला आणि बहिष्काराला तोंड द्यावे लागले. येथे अनामिकतेचे संरक्षण नव्हते. साडेआठ वर्षे ज्या विचारांची चर्चा नाव न घालता पत्रातून केली, त्यांची किंमत आता स्वतःच्या नावाने चुकवण्याची वेळ आली होती आणि त्यांनी ती चुकवली. शिवाय त्यांची भूमिका दोन्ही पक्षांना अडचणीची होती. मिशनऱ्यांच्या धर्मप्रसाराला त्यांचा विरोध होता आणि स्वसमाजाच्या बंद दारालाही. १८४२ मध्ये सुरू झालेल्या मिशनच्या 'ज्ञानोदय' पत्रामुळे धर्मविषयक वादाला मराठीत कायमचे व्यासपीठ मिळाले होते, ही पार्श्वभूमी लक्षात घेतली म्हणजे ह्या भूमिकेचे अवघडपण ध्यानात येते.

१८४५ मध्ये शिक्षक तयार करण्यासाठी काढलेल्या अध्यापनवर्गाचे संचालकत्व त्यांच्याकडे आले. शाळांच्या तपासणीचे कामही त्यांच्याकडे होते. मे १८४६ मध्ये मुंबईत अल्पशा आजाराने त्यांचे निधन झाले. वय चौतीस वर्षांचे होते. मुंबई विद्यापीठ स्थापन होण्यास अजून अकरा वर्षे अवकाश होता.

बाळशास्त्रींच्या मृत्यूसमयी त्यांचे एकही नियतकालिक चालू नव्हते. केवळ नियतकालिकांचे आयुर्मान मोजले, तर हे अपयशाचे चरित्र ठरेल. परंतु त्यांच्या परिवाराने पुढे काय केले, हे पाहिले की निराळे चित्र दिसते. भाऊ महाजनांनी १८४१ मध्येच 'प्रभाकर' सुरू केले होते. लोकहितवादींची शतपत्रे १८४८ पासून त्यातच प्रसिद्ध झाली. भाऊंनी पुढे १८५३ मध्ये 'धूमकेतु' आणि १८५४ मध्ये 'ज्ञानदर्शन' हे त्रैमासिक काढले. एल्फिन्स्टनच्या परिसरातील शिक्षितांनी १८४८ मध्ये उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा स्थापन केली. दादोबा पांडुरंग तिचे अध्यक्ष होते. सभेच्या बैठकांतून वाचले जाणारे निबंध लोकांपुढे यावेत म्हणून १८५० मध्ये 'मराठी ज्ञानप्रसारक' हे मासिक निघाले. सभेत निबंध वाचायचा, त्यावर चर्चा व्हायची आणि मग तो छापायचा, ही पद्धत आजच्या चर्चासत्र व शोधनियतकालिक ह्यांच्या जोडीची पूर्वज म्हणता येईल. 'ज्ञानप्रसारक' १८६७ मध्ये थांबले आणि त्याच वर्षी रामचंद्र भिकाजी गुंजीकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'विविधज्ञानविस्तार' सुरू केले. ते १९३७ पर्यंत चालले. गुंजीकरांनीही संपादक म्हणून आपले नाव पुढे केले नाही.

ही साखळी पाहता एक निष्कर्ष काढता येतो. बाळशास्त्रींचा वारसा एखाद्या पत्रात शोधणे पुरेसे नाही. तो अध्यापक, विद्यार्थी व मित्र ह्यांनी एकत्र येऊन मजकूर सिद्ध करण्याच्या पद्धतीत आहे. पत्रे बंद पडली, पद्धत टिकली. म्हणूनच 'आद्य संपादक' ह्या बिरुदाबरोबर रघुनाथ हरिश्चंद्रजी, जनार्दन वासुदेवजी आणि भाऊ महाजन ह्यांचीही नावे आपल्या अध्यापनात आली पाहिजेत. त्यामुळे बाळशास्त्रींचे मोठेपण उणावत नाही. उलट इतरांकडून काम करवून घेणारा आणि त्यांना स्वतंत्रपणे उभे राहू देणारा संपादक म्हणून ते अधिक स्पष्ट होते.

ह्या दृष्टीने संशोधनासही वाव आहे. 'दर्पण' आणि 'दिग्दर्शन'मधील मजकुराची भाषा, परिभाषा आणि वाक्यरचना ह्यांची तुलना 'प्रभाकर' व 'ज्ञानदर्शन' ह्यांतील लेखनाशी केल्यास निरनिराळ्या लेखण्या ओळखता येतील का, हा पदव्युत्तर पातळीवरील प्रबंधिकेस योग्य असा प्रश्न आहे. त्याचे उत्तर मिळाले, तर मराठी नियतकालिकांच्या पहिल्या दशकाचा इतिहास एका नावाऐवजी एका परिवाराचा इतिहास म्हणून लिहावा लागेल.