फ्रँकलिन डी. रूझवेल्ट आणि वॉर्म स्प्रिंग्स

फ्रँकलिन डेलानो रूझवेल्ट (३० जानेवारी, इ.स. १८८२ – १२ एप्रिल, इ.स. १९४५) हे अमेरिकेचे ३२ वे राष्ट्राध्यक्ष होते. या पदावर चार वेळा निवडून आलेले ते एकमेव नेते होत. जॉर्जिया राज्यातील वॉर्म स्प्रिंग्स येथे पोलिओग्रस्तांसाठी त्यांनी उभारलेले जलोपचार केंद्र हे त्यांचे राजकारणाबाहेरील सर्वांत महत्त्वाचे कार्य मानावे लागेल.

आजार

ऑगस्ट १९२१ मध्ये कॅनडातील कँपोबेलो बेटावर सुटी घालवत असताना, वयाच्या ३९ व्या वर्षी त्यांचे दोन्ही पाय लुळे पडले. निदान पोलिओचे झाले. पुढे उभे राहण्यासाठीही त्यांना पोलादी कॅलिपर वापरावे लागत.

वॉर्म स्प्रिंग्स

या ठिकाणच्या पाण्यात पोहून एका पोलिओग्रस्त तरुणाच्या पायांत बळ आल्याचे कळल्यावरून रूझवेल्ट ऑक्टोबर १९२४ मध्ये तेथे गेले. झऱ्याचे पाणी क्षारयुक्त असून त्याचे तापमान सुमारे ३१ अंश सेल्सियस असते. अशा पाण्यात शरीराचा भार हलका होतो, उबेने स्नायू सैलावतात आणि जमिनीवर मुळीच न उचलणारा पाय थोडाफार हलवता येतो. शिवाय गारठा न भरल्याने दीर्घकाळ व्यायाम करणे शक्य होते. मात्र या पाण्याने पोलिओ बरा होत नाही; स्वतः रूझवेल्टही आधाराशिवाय पुन्हा चालू शकले नाहीत.

त्यांच्या उपचारांचे वृत्त वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध होताच १९२५ मध्ये अन्य पोलिओग्रस्त तेथे न बोलावता येऊ लागले. संसर्गाच्या भीतीने हॉटेलातील इतर पाहुण्यांनी आक्षेप घेतला, तेव्हा रुग्णांसाठी भोजनाची व पोहण्याची वेगळी सोय करण्यात आली. रूझवेल्ट स्वतः तलावात उतरून त्यांना व्यायाम शिकवीत. डॉक्टर नव्हे, तर सहरुग्ण शिकवीत आहे, हे या केंद्राचे खरे वेगळेपण होय. १९२६ मध्ये त्यांनी आपल्या संपत्तीचा सुमारे दोनतृतीयांश हिस्सा घालून ही मालमत्ता विकत घेतली व १९२७ मध्ये ती चालविण्यासाठी ना-नफा तत्त्वावरील संस्था स्थापन केली.

कृष्णवर्णीय रुग्णांना मात्र येथे प्रवेश नव्हता. कृष्णवर्णीय व्यक्ती तेथे केवळ नोकर म्हणून काम करीत. टीका वाढल्यानंतर त्यांच्यासाठी १९४१ मध्ये अलाबामातील टस्कीगी येथे स्वतंत्र केंद्र सुरू झाले. तोवर सर्वांसाठी म्हणून गौरविलेले हे पाणी प्रत्यक्षात केवळ गोऱ्यांचे होते.

निधी व उत्तरकाळ

३० जानेवारी १९३४ पासून रूझवेल्टांच्या वाढदिवशी देशभर नृत्यसमारंभ भरवून निधी जमविला जाऊ लागला. १९३८ मध्ये पोलिओविरोधी राष्ट्रीय प्रतिष्ठान स्थापन झाले. दहा-दहा सेंटच्या देणग्यांमुळे त्याची मोहीम 'मार्च ऑफ डाइम्स' या नावाने ओळखली गेली. याच निधीतून जोनास साल्क यांच्या लसीच्या संशोधनाला साहाय्य मिळाले.

वॉर्म स्प्रिंग्स येथील आपल्या घरीच १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने रूझवेल्ट यांचे निधन झाले. १९७४ मध्ये हे केंद्र जॉर्जिया राज्य शासनाकडे सोपविण्यात आले.