गावात पुस्तकांची पेटी पाठवणारा राजा : महाराजा सयाजीराव गायकवाड

महाराजा सयाजीराव गायकवाड हे नाव तुम्ही बहुतेक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या धड्यात वाचलं असेल. १९१३ साली बाबासाहेब शिकायला अमेरिकेला गेले, ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. परीक्षेत एवढंच विचारतात, त्यामुळे आपणही तेवढ्यावर थांबतो. पण या राजाचं आणखी एक मोठं काम आहे आणि ते आपल्यासारख्या गावातल्या शाळेच्या अगदी जवळचं आहे. आज ते बघूया.

नाशिक जिल्ह्यात मालेगाव तालुक्यात कवळाणे नावाचं गाव आहे. तिथे १८६३ साली एका शेतकरी कुटुंबात गोपाळ नावाचा मुलगा जन्मला. वडील काशीराव, आई उमाबाई. आडनाव गायकवाड होतं, बडोद्याच्या राजघराण्याशी दूरचं नातंही होतं, पण नात्याने पोट भरत नाही. गोपाळ शेतात, गुरांमागे वाढला. शाळा नाही, पाटी नाही. वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं.

इकडे बडोद्यात १८७५ साली इंग्रजांनी मल्हारराव गायकवाडांना गादीवरून काढलं. गादीला वारस हवा होता. खंडेराव महाराजांच्या विधवा राणी जमनाबाई यांनी घराण्यातली मुलं बोलावून घेतली आणि त्यांतून गोपाळला निवडलं. तुला इथे कशाला आणलंय, असं विचारल्यावर, राज्य करायला, असं उत्तर त्याने दिलं म्हणे. खरं-खोटं देव जाणे, पण गोष्ट छान आहे म्हणून सगळेच सांगतात. २७ मे १८७५ रोजी तो दत्तक गेला आणि गोपाळचा सयाजीराव झाला.

आता विचार करा. बारा वर्षांचा मुलगा, बाराखडीपासून सुरुवात, आणि समोर मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी अशा चार भाषा! इलियट नावाचे इंग्रज शिक्षक त्यांना शिकवायला होते. माझ्या वर्गात उशिरा दाखल झालेलं मूल पहिलीतल्या पोरांबरोबर बसायला लाजतं, ते मी पाहते. या मुलाने मात्र सहा वर्षांत सगळं भरून काढलं आणि १८८१ च्या डिसेंबरात राज्यकारभार हाती घेतला. वाचनाची गोडी लागली ती कायमची. देशात असोत की परदेशात, पुस्तकं घेणं थांबलं नाही. हळूहळू त्यांचा खासगी संग्रह वीस हजारांच्या घरात गेला.

१८९३ साली त्यांनी अमरेली तालुक्यातल्या काही गावांत प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. १९०६ मध्ये हाच नियम सगळ्या संस्थानाला लावला. मुलीसुद्धा त्यात होत्या. ब्रिटिशांच्या मुलखात तेव्हा हे कुठेच नव्हतं. १९११ मध्ये नामदार गोखल्यांनी देशासाठी सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक मांडलं, तेव्हा बडोद्याचं उदाहरण त्यांच्यापुढे होतं.

इथवर तुम्हाला वाटेल, झालं की काम! शाळा आल्या, मुलं शिकली. पण खरी अडचण पुढेच आहे, आणि ती आम्हा शिक्षकांना चांगली माहीत आहे. समजा एक मुलगी चौथी शिकली. नंतर शाळा सुटली, घरकाम सुरू झालं. घरात पुस्तक नाही, पेपर येत नाही, दुकानाच्या पाटीशिवाय वाचायला काही नाही. पाच-सात वर्षांनी तिच्यापुढे चिठ्ठी ठेवा, अक्षरं ओळखीची वाटतील पण वाक्य लागणार नाही. वापर नसलेल्या विळ्याला गंज चढतो, तसंच. म्हणजे शाळेवर केलेला सगळा खर्च पाण्यात. सयाजीरावांच्या हे ध्यानात आलं होतं. शाळा सुटल्यावरही हाताशी पुस्तक हवं, आणि ते फुकट हवं.

अमेरिकेच्या प्रवासात त्यांनी तिथली सार्वजनिक ग्रंथालयं पाहिली. साधा कामगार आत येतो, पुस्तक घेतो आणि घरी जातो, हे त्यांना फार भावलं. नुसतं कौतुक करून ते परतले नाहीत. न्यू हेवन शहरातले ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना त्यांनी १९१० साली बडोद्यात बोलावून घेतलं आणि ग्रंथालय खातंच त्यांच्या हाती दिलं. बॉर्डन तीन वर्षं राहिले. तेवढ्यात मध्यवर्ती ग्रंथालय उभं राहिलं, पुस्तकांचं वर्गीकरण झालं, आणि १९११ मध्ये ग्रंथपालांसाठी प्रशिक्षणवर्गही निघाला. आपल्या देशातला असा हा पहिलाच वर्ग. दुसऱ्या वर्षी खात्याचं नियतकालिक निघालं, त्यात इंग्रजी आणि गुजरातीबरोबर मराठी विभागही होता.

मध्यवर्ती ग्रंथालयाचा पाया कशाने घातला गेला, माहीत आहे? महाराजांच्या त्या खासगी संग्रहाने. राजवाड्यातली पुस्तकं शहरात आली आणि लोकांची झाली. वाचायला वर्गणी नाही. आपल्याकडे कितीतरी वाचनालयांत आजही महिन्याची वर्गणी आणि वर अनामत भरावी लागते, हे लक्षात घेतलं म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच्या या गोष्टीची किंमत कळेल. बायकांसाठी वेगळी सोय होती. मुलांसाठी वेगळी खोली, तिथे पुस्तकांबरोबर खेळही होते. आणि ज्यांना अक्षरच येत नाही त्यांचं काय? त्यांच्यासाठी खात्यातर्फे गावोगावी चित्रं आणि चित्रपट दाखवत, तेही फुकट.

मला स्वतःला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे फिरतं ग्रंथालय. एक मजबूत लाकडी पेटी. तिच्यात वीस-पंचवीस निवडक पुस्तकं. मागणी आली की पेटी बडोद्याहून निघायची, आगगाडीने आणि पुढे बैलगाडीने गावात पोचायची. वाचून झाली की परत. गावाला भाडं नाही. जिथे वाचनालय काढण्याइतकी वस्तीच नाही, तिथल्या शाळेत ही पेटी उघडली जायची. पहिल्यांदा झाकण उघडताना भोवती किती पोरं जमत असतील, डोळ्यांपुढे आणून बघा!

मोठ्या गावांना मात्र सगळं आयतं मिळत नव्हतं, आणि माझ्या मते खरी हुशारी इथेच होती. गावाने वर्षाला जेवढे पैसे जमवायचे (खेड्यासाठी शंभर रुपयांपर्यंत), तेवढेच सरकार घालणार आणि तेवढेच प्रांत पंचायत. म्हणजे गावाचा एक रुपया, त्याचे होणार तीन. वाचनालयाची इमारत बांधायची तरी हाच हिशेब. स्वतःचा रुपया घातला की माणूस वाचनालयाला कुलूप लागू देत नाही. या कामात मोतीभाई अमीन नावाचे शिक्षक पुढे होते. सरकारी योजना येण्याआधीपासून ते चरोतर भागातल्या गावांत मित्रमंडळं काढून वाचनालयं चालवत होते. त्यांचा अनुभव खात्याच्या कामी आला. राजाचं नाव सगळे घेतात, पण अशी माणसं गावोगावी नसती तर पेट्या बडोद्यातच राहिल्या असत्या.

वाचायला लोक तयार झाले, पण त्यांच्या भाषेत पुस्तकं तर हवीत! म्हणून महाराजांनी दोन लाख रुपये बाजूला काढले. त्याच्या व्याजातून सयाजी साहित्यमालेची गुजराती आणि मराठी पुस्तकं निघू लागली. इतिहास, विज्ञान, आरोग्य, चरित्रं, सगळे विषय त्यात आले. जुनी संस्कृत हस्तलिखितं गोळा करून छापण्याचं कामही याच ग्रंथालयाच्या संस्कृत विभागातून वाढलं. पुढे १९२७ मध्ये त्याची प्राच्यविद्या मंदिर ही वेगळी संस्था झाली.

मध्यवर्ती ग्रंथालय सुरुवातीला जुन्या सरकारवाड्यात होतं. १९३१ साली मांडवीजवळ त्याला स्वतःची इमारत मिळाली. पुस्तकांसाठी लोखंडी कपाटांचे एकावर एक मजले, आणि त्या मजल्यांची जमीन चक्क जाड काचेची. कशाला, सांगा पाहू? वरचा उजेड खालपर्यंत झिरपावा म्हणून. दिव्याची आग पुस्तकांजवळ नको आणि अंधारात शोधाशोधही नको.

६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत सयाजीरावांचं निधन झालं. १९४९ मध्ये बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, नंतर ते गुजरातेत गेलं. ग्रंथालय मात्र मांडवीजवळ त्याच जागी आहे. कधी वडोदऱ्याला जायचा योग आला तर राजवाड्याबरोबर तेही बघा, आणि आत गेल्यावर पायाखाली नजर टाका.