गणितानंदी दत्तात्रय रामचंद्र कापरेकर

विद्येची उपासना मनुष्य अनेक हेतूंनी करतो. कोणी द्रव्यासाठी, कोणी अधिकारपदासाठी, तर कोणी लौकिकासाठी. केवळ आनंदासाठी आयुष्यभर विद्येला वाहून घेणारे मात्र विरळाच. देवळालीचे शाळामास्तर कै. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे अशा विरळा उपासकांपैकी एक होत. अंकांची कोडी घालणे व सोडविणे हा त्यांचा बाळपणापासूनचा छंद. या छंदाने त्यांना धन दिले नाही. तरीही त्यांनी तो अखेरपर्यंत सोडला नाही.

कापरेकरांचा जन्म दि. १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. आठव्या वर्षी ते मातृसुखास अंतरले व वडिलांनीच त्यांचा सांभाळ केला. वडील पेशाने कारकून. पण त्यांना फलज्योतिषाचा मोठा नाद होता. पत्रिका मांडावयाची म्हणजे आकडेमोड आलीच. वडिलांच्या या आकडेमोडीतूनच मुलाला अंकांची गोडी लागली. ठाणे येथे माध्यमिक शिक्षण घेत असताना कोडी सोडविण्यात त्यांचे तासन् तास जात. १९२३ साली ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात दाखल झाले आणि १९२७ साली स्वतंत्र गणितलेखनासाठी असलेले रँग्लर परांजपे पारितोषिक त्यांनी पटकाविले. १९२९ साली बी. एस्‌सी. होऊन त्यांनी नाशिकजवळच्या देवळालीत शिक्षकाची नोकरी पत्करली आणि १९६२ साली निवृत्त होईपर्यंत ते तेथेच राहिले. पदव्युत्तर शिक्षणाची संधी त्यांना लाभली नाही. शाळेचा फळा, खडू आणि कागद-पेन्सिल हीच त्यांची प्रयोगशाळा.

त्यांच्या शोधांची नावेही मोठी रसाळ आहेत. डोंबिवली स्थानकावर सुचलेल्या संख्यांना त्यांनी त्या स्थानकाच्या नावावरून 'डेम्लो संख्या' म्हटले. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो, ती 'हर्षद', म्हणजे हर्ष देणारी. जपमाळेतील १०८ हीच संख्या घ्या. तिच्या अंकांची बेरीज ९, आणि १०८ ला ९ ने भागले असता बरोबर १२ येतात. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे २० व २५ असे दोन भाग करून बेरीज केली की पुन्हा ४५. अशा संख्या आज 'कापरेकर संख्या' म्हणून ओळखल्या जातात.

याहून मनोज्ञ कल्पना 'स्वयंभू' संख्यांची. कोणतीही संख्या घेऊन तीत तिचेच अंक मिळविले की दुसरी संख्या जन्मास येते. १५ मध्ये १ व ५ मिळविले की २१ होतात. म्हणजे १५ ही २१ ची जननी. १०१ ला तर ९१ व १०० अशा दोन जननी आहेत. परंतु २० ही संख्या अशा रीतीने कोणत्याच संख्येपासून उत्पन्न होत नाही. तिला जननी नाही, म्हणून ती स्वयंभू. ज्या समाजात स्वयंभू लिंगाची पूजा पिढ्यान् पिढ्या चालत आली, त्या समाजाला या नावाचे औचित्य निराळे समजावून सांगावयास नको.

त्यांच्या कीर्तीचा कळस मात्र ६१७४ ही संख्या होय. १९४९ साली मद्रास येथील गणित परिषदेत त्यांनी तिचा गुणधर्म मांडला. चारही अंक एकच नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक प्रथम उतरत्या व मग चढत्या क्रमाने मांडावे आणि मोठीतून लहान संख्या वजा करावी. आलेल्या उत्तरावर तीच कृती पुन्हा करावी. उत्तर तीनच अंकी आले तर आरंभी शून्य धरून चार अंक पुरे करावे. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ ही संख्या आलीच पाहिजे, आणि एकदा ती आली की मग ती हलत नाही. खुद्द कापरेकरांचे जन्मवर्ष १९०५ घेतले, तर ९५१० मधून ०१५९ गेले, ९३५१ उरले. पुढे ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या खेपेस ६१७४!

एवढे असूनही स्वदेशातील कित्येक पंडितांनी हा पोरखेळ मानला. कोठल्याही विद्यापीठाचे पाठबळ नसलेल्या एका शाळामास्तराच्या आकड्यांच्या खेळाला ते शास्त्र म्हणावयास तयार नव्हते. त्यांचे काही लेख न्यूयॉर्कच्या 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका' या नियतकालिकात आले. पण पुष्कळसे लेखन पुस्तिकांच्या रूपाने देवळालीहून त्यांनी स्वतःच प्रसिद्ध केले. १९६६ साली पत्नीचे निधन झाले. निवृत्तिवेतन अपुरे पडू लागले, तेव्हा उतारवयात शिकवण्या करून ते चरितार्थ चालवीत. गणिताचा नाद सोडून चार पैसे अधिक मिळविता आले असते, असे कोणी म्हणेल. पण तो हिशेब त्यांनी कधी मांडलाच नाही.

मार्च १९७५ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातील आपल्या प्रसिद्ध सदरात मार्टिन गार्डनर यांनी कापरेकरांच्या कार्याचा परिचय करून दिला आणि देवळालीचे नाव जगभरच्या गणितप्रेमींच्या मुखी झाले. त्या वेळी कापरेकरांनी वयाची सत्तरी गाठली होती. १९८६ साली देवळालीतच त्यांची जीवनयात्रा संपली. त्या वर्षाचे अंक घेतले, तर ९८६१ मधून १६८९ वजा जाऊन पहिल्याच पावलाला ८१७२ येतात. जन्मवर्षाच्या वाटेवरचा हाच तो दुसरा टप्पा. तेथून पुढे दोहोंची वाट एक आणि मुक्कामही एकच, ६१७४.

ज्यांनी हा पोरखेळ म्हणून हिणविला, त्यांची नावे आज कोणाच्या स्मरणात नाहीत. कापरेकरांचे अंक मात्र शाळकरी मुलेही आनंदाने मांडतात. वाचकांनी घरातील मुलाबाळांना जवळ बसवून आपापल्या जन्मवर्षावर ही कृती एकदा करून पाहावी. त्यास साहित्य म्हणून पाटी-पेन्सिल पुरे. त्या वजाबाकीच्या शेवटी मुलाच्या चेहऱ्यावर जे नवल उमटेल, तेच या निरपेक्ष उपासकाचे खरे स्मारक होय.